कार्डावरची नववी

काजआजीला कुणी वय विचारलं, तर ती विचारणाऱ्याच्या सदऱ्याचं बटण चाचपायची आणि म्हणायची, "हे मशीनचं काज आहे. दोन धुण्यांत उसवेल." वयाचा विषय तिथेच मिटायचा. गल्लीच्या वळणावर शिंपीमास्तरांचं दुकान होतं आणि त्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक सदऱ्याची नि कोटाची काजं चाळीस वर्षं हिनेच केली होती. खरं नाव तिचं तिलाच आठवत असेल तर असेल. गल्लीने ते केव्हाच सोडून दिलं होतं.

काज म्हणजे काय, हे ती ऐकणाऱ्याचा जीव नकोसा होईपर्यंत समजावून सांगायची. बटणाच्या मापाची चीर द्यायची आणि चिरेच्या दोन्ही कडांना असे दाट टाके घालायचे की कापड फाटेल पण काज हलणार नाही. "कपडा कुणीही शिवेल हो," ती मास्तरांच्या तोंडावर म्हणायची, "अंगावर टिकवते ती मी." मास्तर हसायचे. हाताने इतकं नेटकं काज करणारं दुसरं माणूस त्यांना मिळालं नव्हतं, त्यामुळे हसण्यावाचून इलाजही नव्हता.

तर अशा या आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला आणि तिने ती गोष्ट सगळ्या जगापासून लपवली. सुईत दोरा जाईना, तर हल्लीच्या सुयाच दळभद्री. टाका तिरका पडला, तर दोरा भिकार. पायरी चुकली, तर पायरीला अक्कल नाही. माणूस अगदी अंगावर येईपर्यंत तिला ओळखू यायचं नाही. पण आवाज कानावर पडला रे पडला की ती असं काही बोलायची, जणू कोपऱ्यापासून त्याच्यावर नजर ठेवून बसली होती.

त्याच सुमाराला पलीकडे लढाई पेटली आणि नदीवरच्या पुलावरून माणसं यायला लागली. आधी दहा-वीस, मग शेकड्यांनी. शाळा भरली, शाळेचं मैदान भरलं, मैदानापलीकडे तंबूंचं एक गावच उभं राहिलं. गल्लीत नळ एक होता, तो एकच राहिला. रांग मात्र कोपरा वळून मास्तरांच्या दुकानापर्यंत आली. जळण महागलं आणि मजुरी स्वस्त झाली. दवाखान्यात एकच नर्सबाई होत्या, त्या चालता चालता जेवायला शिकल्या.

पहिले पंधरा दिवस गल्लीने जीव ओतून केलं. जुने कपडे दिले, भांडी दिली, रडणाऱ्यांबरोबर रडून घेतलं. मग हळूहळू कुरकुर सुरू झाली, कारण तंबूंकडे जाणारे ट्रक गल्लीतूनच जायचे. आत कांबळी, साबण, दुधाची पावडर, नव्याकोऱ्या बादल्या. गल्लीच्या वाट्याला नुसती धूळ. नळावर एक दिवस न्हावी म्हणाला, "आपणही सकाळी पुलावरून पलीकडे जाऊ आणि दुपारी बोंबलत परत येऊ. बादली तरी मिळेल." लोक हसले. न्हावी मात्र खरोखरच गेला. डोक्यावर बोचकं, चेहऱ्यावर दुःख, असा तो नोंदणीच्या टेबलासमोर उभा राहिला. आणि टेबलामागचा कारकून नेमका तो निघाला, ज्याची मिशी याने आदल्याच दिवशी वाकडी कापली होती. त्या मिशीखालून जे शब्द बाहेर पडले, ते न्हाव्याने पुढे कुणालाही सांगितले नाहीत.

आजीकडे माणसं आली ती एका संध्याकाळी, दिवेलागणीला. दारात तीन आकृत्या उभ्या होत्या. एका बाईने घोगऱ्या आवाजात विचारलं, "आजी, कुठे पाठ टेकायला जागा आहे का?" आजीने हिशेब केला. खोली एक, पुढे पडवी, माणसं तीन. तिघांचं काय ओझं? "या," ती म्हणाली. "पाय धुऊन या."

सकाळी उठून बघते तो खोलीत आठ जण. ती बाई, तिचा नवरा, दोन लहान लेकरं, दोन नणंदा, एक बहिरे चुलतसासरे आणि त्यांची बायको. आजीने मोजले, परत मोजले, लेकरांच्या डोक्यांवरून हात फिरवून मोजले. आठच. आता बोलायचं काय? "मला तीनच दिसले होते" म्हणावं, तर डोळ्यांचं बिंग फुटणार. न म्हणावं, तर आठ जण. आजीने अब्रू निवडली. "बाहेर का उभे होतात सगळे, थंडीत?" असं काहीतरी पुटपुटत तिने आपली ट्रंक ओढत पडवीत नेली आणि खोली त्यांना देऊन टाकली. गल्लीत बातमी पसरली की काजआजीचं मन समुद्राएवढं आहे. ती ऐकून घ्यायची आणि गप्प बसायची. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण इथे दुसरा मार्ग नव्हता.

तिच्या शेजारी कुलूपकाकू राहायची. रिकामी मागची खोली हिच्याकडे होती, आणि माणसं यायला लागल्याबरोबर हिने त्या खोलीला दोन कुलपं घातली होती. "आमच्याकडे उंदरालाही जागा नाही," ती सांगायची. ती आजीला म्हणाली, "तुम्ही फार चढवून ठेवलंय त्यांना." आजी म्हणाली, "काकू, तुमच्या खोलीतल्या उंदरांना विचारा, पडवीत येतात का. माझ्याकडे अजून एक कोपरा आहे."

तसे पाच महिने गेले. घोगऱ्या आवाजाची ती बाई घर हाकायची. पाणी आणायची, चूल पेटवायची, नवऱ्याला वखारीत हमालीला पाठवायची, नणंदांना दटावायची, बहिऱ्या सासऱ्यांना तीच गोष्ट चारदा सांगायची. आजी तिच्यावर खेकसायची आणि तीही उलट खेकसायची. दोघींचं चांगलं जमलं. दुपारी आजी काजं करायला बसली की बाई शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायची आणि आपल्या गावच्या गोष्टी सांगायची. आजीने एकदाही म्हटलं नाही की मला ओवता येत नाही. बाईनेही एकदाही विचारलं नाही.

पण दोरा ओवून देणारी मिळाली तरी टाका आजीलाच घालायचा होता. एक दिवस तिने एकदम सहा पुरुषी सदऱ्यांना बायकी बाजूने काजं करून ठेवली. बटणं एकीकडे, काजं भलतीकडे. मास्तरांनी ते सदरे गुपचूप गुंडाळून ठेवले आणि दुकान रिकामं होईपर्यंत थांबले.

"आजी, काजाचं एक मशीन विकायला आलंय," ते म्हणाले. "मी महिनाभर थांबायला सांगितलंय. त्यापुढे मला थांबवणार नाही."

"घ्या की," आजी म्हणाली. "माझं काय जातंय?"

घरी येऊन ती पडवीत भिंतीकडे तोंड करून बसली. जात काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन वेळचं जेवण त्या सुईतून यायचं, आणि कुणालाही फाडकन बोलायचा हक्कही तिथूनच यायचा. काम गेलं की ती गल्लीतली एक आंधळी म्हातारी होणार होती, जिला लोक कीव येऊन वाटीत काहीतरी घालून देतात. त्या वाटीची तिला फार भीती वाटत होती.

आठवड्याभराने शाळेच्या मैदानावर डोळ्यांचे डॉक्टर आले. बारा दिवस राहणार, मोतीबिंदू काढणार, अगदी फुकट. गल्लीतले चार म्हातारे काठ्या टेकत गेले आणि तसेच टेकत परत आले. कार्ड असलेल्यांसाठीच होतं ते. कार्ड म्हणजे पुलावरून आलेल्यांचं.

संध्याकाळी बाई पडवीत येऊन बसली. "आजी, तुम्ही आमच्या कार्डावर आहात."

"मी? कशी?"

"नोंदणीला विचारलं, घरात किती जण? मी म्हटलं नऊ. आमच्याकडे एका चुलीवर जेवतात ते सगळे घरचेच धरतात. मग त्यांनी विचारलं, म्हातारं माणूस कोण कोण? मी तुम्हालाही धरलं. नंतर कळलं की तसं मोजायचं नव्हतं. तोवर शिक्का बसला होता."

"आणि ते कांबळं? गेले चार महिने मी पांघरतेय ते?"

"नववं," बाई म्हणाली.

आजीने कांबळ्याची कड चाचपली. मशीनची शिवण. "तरीच," ती म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "तुझी सासू म्हणून जायचं झालं, तर काय काय विचारतील?"

पुढचे तीन दिवस तालीम चालली. खरं तर तिची गरज नव्हती. पाच महिने दुपारभर ऐकून आजीला ते गाव तोंडपाठ झालं होतं. पाणवठा कुठे, गिरणी कुठे, गिरणीवाल्याची दुसरी बायको कुठल्या खिडकीतून बघते, सगळं. बाई फक्त घाबरून सांगत राहिली, "आजी, विचारतील तेवढंच बोला." सासू होण्याचा सरावही आजीने जरा जास्तच मनावर घेतला. चहा गोड झाला म्हणून तिने बाईच्या माहेरचा उद्धार केला, तेव्हा बाईचा नवरा हातातला पेला ठेवून बाहेर निघून गेला. हसायला गेला की काय, ते कळलं नाही.

रांग मोठी होती. टेबलामागे तपासनीस बाई होत्या. तरुण, करड्या कोटातल्या, पाच दिवस झोप न झालेल्या. त्यांनी कार्ड पाहिलं.

"गाव सोडून किती दिवस झाले, आजी?"

"पाच महिने."

"घर कुठल्या बाजूला होतं?"

इथे आजीने थांबायला हवं होतं. "गिरणीच्या मागे," असं म्हणून ती सुटली. गिरणी सांगितली, पाणवठा सांगितला, गिरणीवाल्याची दुसरी बायको सांगितली, तिच्याशी स्वतःचं एक कडाक्याचं भांडणही तिथल्या तिथे रचून सांगितलं. मागे रांगेत त्याच गावचे दोघे होते. ते आधी चकित झाले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी बरोबर," एक जण म्हणाला. "ती बाई तशीच आहे."

तपासनीस बाईंनी खूश होऊन शिक्का उचलला. शिक्का उचलताना त्यांच्या कोटाची बाही सरकली, मनगटावरचं बटण सुटलं आणि कफ शाईत बुडाला. "छे! हे बटण राहतच नाही," त्या वैतागल्या. "तीन महिन्यांपूर्वी इथल्याच मास्तरांकडून शिवून घेतला. काजं कुणी आंधळ्याने केलीत की काय, देव जाणे."

सोबत आलेल्या घोगऱ्या बाईने आजीचा दंड घट्ट धरला. उपयोग झाला नाही.

"आण इकडे हात," आजी म्हणाली. तिने कफावरून अंगठा फिरवला. टाके तिचेच होते. सैल पडलेले, पण तिचेच. "काज माझं आहे. उजेड नव्हता त्या दिवशी. पण चाळीस वर्षं या गल्लीत काजं करतेय मी, आजवर एकही जण असं बोललेला नाही. आंधळ्याने म्हणे!"

तपासनीस बाईंनी शिक्का खाली ठेवला. "चाळीस वर्षं. या गल्लीत."

आजीला आपण काय बोलून बसलो ते उमगलं. डोळे गेले ते गेले, पण कार्ड रद्द झालं तर आठ जणांचं रेशन जाणार होतं. तिला घाम फुटला. घाम फुटला की ती मागे हटत नसे, भांडत असे.

"तुमच्या त्या कागदावर पहिला प्रश्न काय लिहिलाय? वाचा बघू मोठ्याने."

तपासनीस बाईंनी नाइलाजाने वाचला. "आपलं राहतं घर सोडावं लागलं आहे का?"

"लागलंय. पाच महिने झाले. खोली सोडून पडवीत आले."

"का सोडावं लागलं?"

"माणसं आली म्हणून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तपासनीस बाई हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड स्वतःच्या खिशात घातलं आणि म्हणाल्या, "दुपारी येते मी घर बघायला."

दुपारी त्या आल्या. खोलीत वाकून पाहिलं. आठ अंथरुणं भिंतीला लावलेली, एकावर एक. पडवीत पाहिलं, ट्रंक, कांबळं, सुयांचा डबा. त्या ट्रंकेवर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, एक सांगा. तुमची खोली एक, तुमचंच पोट जेमतेम भरतंय. आठ जणांना घेतलंत कसं?"

बाई, तिचा नवरा, नणंदा सगळे दारात उभे. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर ते समुद्राएवढं मन. आजीला ते दिसत नव्हतं, पण अंगाला टोचत होतं. पाच महिने टोचत होतं.

"मला तीनच दिसले हो," ती एकदाची बोलली. "डोळे गेलेत माझे. तीन म्हणून आत घेतले, सकाळी आठ निघाले. नाहीतर मी कशाला घेतेय आठ? मी काय वेडी आहे?"

मग बाईचा घोगरा आवाज आला. "आजी, तुम्हाला बरोबर दिसलं होतं. दारात तिघेच होतो. बाकीचे पाच भिंतीआड उभे केले होते मी. आठ जण बघून आधीच्या सगळ्या दारांनी नाही म्हटलं होतं."

आजी उठून उभी राहिली. "म्हणजे मला फसवलंस?"

"हो."

"आणि मी पाच महिने डोळ्यांच्या नावाने रडतेय!"

"मग तुम्हीही आम्हाला फसवलंत की. मला वाटलं, तुम्ही आठ मोजूनही राहू दिलंत."

"मोजले ना! सकाळी मोजलेच की! मग हाकललं का तुला?"

हे बोलता बोलता आजीला स्वतःलाही आत्ताच कळलं होतं. बहिरे सासरे मोठ्याने विचारत होते की भांडण कशावरून आहे, आणि तपासनीस बाई तोंडावर शाईचा कफ धरून इतक्या हसत होत्या की त्यांना ट्रंकेचा आधार घ्यावा लागला.

हसून झाल्यावर त्यांनी खिशातलं कार्ड काढलं, नऊवर काट मारून आठ केले आणि बाईच्या हातात परत दिलं. कांबळ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. आजीसाठी एक कोरा कागद काढला. त्यावर तिच्यासाठी रकानाच नव्हता. तळाला 'इतर' म्हणून बोटभर जागा होती, तिथे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : 'ज्यांनी ठेवून घेतले.' वरच्या साहेबांशी त्या दोन दिवस भांडल्या. चौथ्या दिवशी कागद नवे छापून आले. तीन महिने ज्यांनी घरात माणसं ठेवली, त्यांना तेच डॉक्टर, तीच बादली, आणि गल्लीला आणखी एक नळ.

त्या दिवसाची गल्ली बघण्यासारखी होती. कुलूपकाकूने दोन्ही कुलपं काढली आणि ती तंबूंमध्ये फिरून माणसं मागू लागली. "चारच द्या. स्वच्छ हवीत, आणि कमी बोलणारी." तीन महिन्यांची अट आहे हे तिला घरी परतल्यावर समजलं. तोवर दोन म्हाताऱ्या बहिणी मागच्या खोलीत झोपी गेल्या होत्या आणि एकीने काकूची उशी घेतली होती.

डॉक्टरांच्या मुक्कामाच्या दहाव्या दिवशी आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पट्टी काढताना बजावलं, "आठ दिवस डोळ्याला पाणी लावायचं नाही, वाकायचं नाही, रडायचं नाही." आजी म्हणाली, "मी रडणाऱ्यातली वाटते का तुम्हाला?"

पट्टी निघाली. समोर तंबूची शिवण दिसली. आजीने आधी तीच बघून घेतली आणि नाक मुरडलं. मग तिला दिसलं की पलंगाच्या पायथ्याशी एक पोरगी उभी आहे. डोक्याला फडकं, हाडकुळे खांदे, कडेवर एक लेकरू. पोरगी कसली, अजून ओठावर पोरपण होतं.

"तू गं कोणाची?" आजीने विचारलं. "आणि ती कुठे आहे, आमची बाई?"

"मीच," घोगरा आवाज म्हणाला.

आजी बघतच राहिली. या आवाजाला तिने पाच महिने पन्नाशीची बाई समजून दोन-दोन हंडे आणायला लावलं होतं. दुपारी काजं करता करता 'आपल्या वयाला आता गुडघे बोलणारच' म्हणून हिच्याजवळ रडगाणं गायलं होतं, आणि हिनेही दरवेळी "हो ना आजी, माझेही बोलतात" म्हणून साथ दिली होती.

"वय काय तुझं?"

"बाविसावं लागलंय."

"आणि आवाज?"

"पुलावर धुराने बसला. परत आलाच नाही."

"मग गुडघे दुखतात म्हणायचीस, ते?"

पोरगीने लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "ते होय? तुम्हाला एकटीलाच दुखतात असं वाटू नये म्हणून."

डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले होते. आजीने तो नियम पाच मिनिटांत मोडला. पोरगी घाबरून डॉक्टरांना हाका मारायला लागली, तेव्हा आजीने तिचा हात धरून खाली बसवलं, ते लेकरू ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "गप बस. आणि आडवी हो इथे, या पलंगावर. मी सरकते."